साठ मिनिटांत शिकलेली अदब

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्यात माणशी 700 रुपये मोजले आणि स्वतःला एका खोलीत कोंडून घेतलं. रोहिणखेडला परतल्यावर हे स्टाफरूममध्ये सांगितलं, तर आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, "त्याच्यासाठी पुण्याले कायले गेले बाप्पा? आपल्या स्टोअररूमले बाहेरून कडी लावून देलो असतो, फुकटात!" सगळे हसले, मीही हसलो. त्या खोलीत माझं काय झालं हे मात्र मी तिथं सांगितलं नाही. ते आज इथं लिहितोय.

आमच्या मोताळा तालुक्यात एस्केप रूम हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. चार-सहा जणांची टोळी एका सजवलेल्या खोलीत जाते. कुणी मेलेल्या जमीनदाराचा बंगला करतं, कुणी तुरुंग, कुणी प्रयोगशाळा. खोलीभर कुलपं, पेट्या, चिठ्ठ्या, चित्रं, आकडे. एका कोड्याचं उत्तर दुसऱ्या कुलपाची किल्ली होतं. भिंतीवर घड्याळ उलटं चालत असतं आणि बहुतेक ठिकाणी 60 मिनिटं मिळतात. बाहेर एक मुलगा किंवा मुलगी कॅमेऱ्यातून तुमच्याकडं पाहत असते. तुम्ही अडलात तर इशारा देते. त्यांना गेम मास्टर म्हणतात.

हा खेळ फार जुना नाही. आधी तो संगणकावर आला. जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांचा 'क्रिमसन रूम' नावाचा खेळ 2004 मध्ये इंटरनेटवर गाजला होता. 2007 मध्ये क्योटो शहरात ताकाओ कातो यांनी तशीच खोली प्रत्यक्षात उभी केली आणि लोकांना आत सोडलं. 2011 मध्ये बुडापेस्टला अशी खोली निघाली आणि तिथून हे वेड युरोपभर पसरलं. आता मुंबई-पुण्यातही तो वाढदिवसाचा आणि ऑफिसच्या सहलीचा नेहमीचा बेत झाला आहे.

आता आमची गोष्ट. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला भेटायला मी, माझी दहावीतली मुलगी आणि त्याची आई म्हणजे माझी मोठी बहीण, असे तिघं मलकापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं गेलो. बहिणीला आम्ही सगळे आपा म्हणतो. भाच्यानं हौसेनं चौघांचं बुकिंग केलं होतं. तिथं गेल्यावर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "दोघंच आलेत, त्यांना तुमच्यात घेतलं तर चालेल का?" कॉलेजातली दोन मुलं होती, एक साताऱ्याकडचा, एक नगरकडचा. मी आपाकडं पाहिलं. ती म्हणाली, "आने दो, बच्चे हैं." असे आम्ही सहा जण झालो.

दार लागलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. वर्गात 40 मुलं सांभाळायची सवय. मी लगेच कामं वाटून दिली. तू टेबल बघ, तू कपाट बघ, चिठ्ठी माझ्याकडं दे. भाच्याचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त. एकेक कुलूप तो आकडे फिरवून, ओढून, हलवून बघायला लागला. पहिली दोन कोडी पटकन सुटली आणि माझी छाती फुगली. तिसऱ्यावर आम्ही अडलो.

आपा कोपऱ्यात एका वस्तूजवळ उभी होती. ती वस्तू कोणती हे मी सांगणार नाही, कारण तुमच्यापैकी कुणी उद्या त्याच खोलीत जाईल आणि मी त्याची मजा घालवलेली असेल. ती शिवलेली वस्तू होती, एवढंच सांगतो. आपा म्हणाली, "इसकी सिलाई गलत है." मी म्हणालो, "आपा, एक मिनट." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "अरे, ऐसा कोई सीता नहीं." मी म्हणालो, "एक मिनट आपा, ये आकडे देखने दो." तिसऱ्या वेळी ती मोठ्यानं बोललीच नाही, माझ्या मुलीला हळूच म्हणाली. मुलीनं मला सांगायचा प्रयत्न केला, "अब्बू, फुप्पी बोल रही…" मी हात वर केला. वर्गात करतो तसा.

घड्याळात साडेचार मिनिटं उरली असताना तो साताऱ्याकडचा मुलगा आपाजवळ गेला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही मघापासून काय म्हणताय?"

आपानं बोटानं दाखवलं. कोडं अर्ध्या मिनिटात सुटलं. पुढचं कुलूप उघडलं, त्याच्या पुढचंही. शेवटचं एक राहिलं आणि घड्याळ शून्यावर आलं.

गेम मास्टर मुलगी आत आली. हसून म्हणाली, "आँटींना तर दहाव्या मिनिटालाच सापडलं होतं. मी बाहेरून ओरडत होते, ऐका ना त्यांचं!" मी दोनदा इशारा नाकारला होता. कशाला हवा इशारा, आपण शिकलेले आहोत ना!

आता जे सांगायचं ते. आपाची शाळा चौथीनंतर सुटली. अब्बांची तब्येत गेल्यावर घरात तिचं शिवणयंत्र आणि अम्मीची मजुरी, एवढीच कमाई होती. मी बीएड केलं तेव्हा फी कुठून आली हे मला माहीत आहे. ईदच्या आधी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते यंत्र चालायचं आणि मी त्याच खोलीत चादर डोक्यावर घेऊन झोपायचो. त्या यंत्रामुळं मला ज्ञान मिळालं, असं मी भाषणात सांगतोही. आणि 60 मिनिटांच्या खेळात त्याच बाईला मी तीनदा "एक मिनट" म्हणालो.

स्टाफरूममध्ये हे सांगवलं नाही.

मला असं वाटतं की एस्केप रूममध्ये कसं खेळावं आणि कसं वागावं हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. चांगलं वागणारी टोळीच चांगली खेळते. हुशारी कामाची आहेच, पण कोडी मुद्दाम अशी रचलेली असतात की एकाच डोक्याला सगळं जमू नये. कुणाला आकडे दिसतात, कुणाला रंग, कुणाला आवाज, कुणाला शिलाई. कॅनडातले प्राध्यापक स्कॉट निकोल्सन यांनी 2015 मध्ये जगभरातल्या 175 एस्केप रूमच्या चालकांकडून माहिती गोळा केली होती. त्यात वेळेत बाहेर पडणाऱ्या टोळ्यांचं प्रमाण साधारण 41 टक्के निघालं. म्हणजे निम्म्याहून अधिक टोळ्या हरतात. हरण्यात लाज नाही. उत्तर आपल्याच खोलीत, आपल्याच माणसाच्या तोंडी असताना हरणं मात्र मनाला लागतं.

म्हणून माझ्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट आत जाण्याआधीची. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. तुमच्यामागं दुसऱ्या टोळीची वेळ ठरलेली असते. तुमचा उशीर तिच्या माथी जातो. नियम सांगत असतात तेव्हा मोबाईलमध्ये पाहू नका. खोलीतल्या कोणत्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे तेव्हाच कळतं. कुणाला बंद जागेची, अंधाराची भीती असेल, दमा असेल, तर आधी सांगा. सांगणाऱ्याची टिंगल करू नका. आणि अनोळखी माणसांबरोबर खेळायला कुणाची हरकत असेल, विशेषतः घरच्या बायका-मुली बरोबर असतील तर, त्यांना आधी विचारा. त्यांच्या वतीनं आपणच 'हो' किंवा 'नाही' म्हणू नये.

याच वेळी आणखी एक विचारायचं, आणि ते विचारायला अजिबात लाजायचं नाही. दार खरोखर बंद करता का? आग लागली तर बाहेर कसं पडायचं? 4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली आणि मैत्रिणीचा वाढदिवस साजरा करायला गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आतच गेल्या. आपल्याकडं राजकोटच्या गेम झोनची आग 25 मे 2024 ची. ती एस्केप रूम नव्हती, पण तिथंही लोक लेकरांना घेऊन खेळायलाच गेले होते. 27 जणांचा जीव गेला. आम्ही गेलो तिथं दाराजवळ हिरवं बटण होतं, दाबलं की दार कधीही उघडायचं. असं बटण नसेल, दार बाहेरून कुलूपबंद करत असतील, तर पैसे परत मागा आणि चहा पिऊन घरी जा. कोंडून घ्यायचं ते खोटं खोटं. दार खरंच उघडलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आतली. जे सापडेल ते मोठ्यानं सांगा. "माझ्याकडं निळी किल्ली आहे." "इथं चार आकडे आहेत." सापडलेली वस्तू खिशात ठेवून एकट्यानं विचार करत बसणारा माणूस सगळ्या टोळीला अडवतो. वापरून झालेल्या किल्ल्या, चिठ्ठ्या एका बाजूला ठेवा, म्हणजे दुसरा त्यांच्यावर पुन्हा डोकं फोडत बसणार नाही. एकाच कोड्यावर चौघांनी वाकून उभं राहू नका. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही तर दुसऱ्याच्या हातात द्या. आपल्याला जे दिसत नाही ते त्याला दिसू शकतं.

तिसरी गोष्ट, जोर लावायचा नाही. उत्तर बरोबर असेल तर कुलूप हलक्या हातानं उघडतं. उघडत नसेल तर उत्तर चुकलंय किंवा त्या कुलपाची वेळ अजून आली नाही. टेबलावर चढणं, विजेचं बटण उपटणं, भिंतीवरचं चित्र ओढणं, हे सगळं बाहेरच्या मुलीला रोज पाहावं लागतं. खोली ही पुढच्या टोळीची अमानत आहे. तुमच्यानंतर अर्ध्या तासात कुणाची तरी मुलगी वाढदिवसाला तिथं येणार असते. तुम्ही कडी वाकवली तर तिचा खेळ बुडतो.

चौथी गोष्ट, इशारा मागताना कमीपणा मानू नका. आणि देणाऱ्याशी नीट बोला. काही लोक त्या वॉकी-टॉकीवर हॉटेलातल्या पोऱ्याशी बोलावं तसं बोलतात. ती मुलं दिवसभर एकाच खोलीतल्या त्याच चुका पाहत असतात आणि प्रत्येक टोळीनंतर सगळी कुलपं, चिठ्ठ्या परत जागेवर लावतात. निघताना "शुक्रिया" किंवा "थँक्यू" म्हणायला काही लागत नाही.

पाचवी गोष्ट बाहेर आल्यावरची. आत फोटो काढायचे नाहीत, कोड्यांची उत्तरं व्हॉट्सॲपवर टाकायची नाहीत. एक खोली उभी करायला कित्येक दिवस जातात आणि तिची मजा माणसाला एकदाच घेता येते. कुणी विचारलं तर "मजा आली, जा तुम्ही" एवढंच सांगा.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामू, पण कुणीतरी लीडर तर लागतो ना? सहा जण एकदम बोलायला लागले तर काय ऐकणार?" त्याचं म्हणणं बरोबर आहे. कुणीतरी घड्याळाकडं पाहावं लागतं, कोणती कोडी राहिलीत याचा हिशेब ठेवावा लागतो. पण त्या माणसाचं मोठं काम म्हणजे मधेमधे थांबून विचारणं, "कुणाला काही दिसतंय का? अजून कोण बोललं नाही?" मी घड्याळ पाहत होतो, हिशेबही ठेवत होतो. तेवढं एक विचारायचं राहून गेलं. ते काम साताऱ्याच्या पोरानं केलं. तो आम्हाला तासाभरापूर्वी ओळखतही नव्हता.

कुणी म्हणेल, मास्तरांना पगार आहे, 2800 रुपये खेळात घालायला काय जातंय. आपानंही तेच म्हटलं. बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "कितना लगा?" आकडा ऐकून म्हणाली, "इतने में मशीन की नई मोटर आती थी." तिचं खरं आहे. म्हणून ज्यांना पुणे-मुंबई परवडत नाही त्यांच्यासाठी मी गावातच एक प्रयोग केला.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, उर्दूही शिकवतो. एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर एक पत्र्याची पेटी घेतली, तिला चार आकड्यांचं कुलूप लावलं आणि आत बिस्किटांचे पुडे ठेवले. आमच्या गावात खुदावंद खान महदवीनं बांधलेली जुनी मशीद आहे, हिजरी 990 सालची. मी वर्गात तीन पाकिटं लपवली. एकात उर्दू अंकांत 990 लिहिलं होतं. दुसऱ्यात मराठीत कृती होती. हिजरी सालाला 0.97 नं गुणा, त्यात 622 मिळवा, दशांश सोडून द्या. तिसऱ्यात फक्त मशिदीचं चित्र आणि तिचं वय विचारणारं एक वाक्य. उत्तर आलं 1582, आणि तोच कुलपाचा आकडा. (आता हे सांगून टाकलं, तेव्हा पुढच्या वर्षी मला दुसरं कोडं करावं लागणार.)

वर्गाच्या तीन टोळ्या केल्या, एकेका टोळीला 20 मिनिटं. पहिल्या टोळीनं चौथ्याच मिनिटाला पेटीची कडीच उपटून काढली. बिस्किटं मिळाली, पण कुणाला आनंद झालेला दिसला नाही. दुसरी टोळी सुरू करण्याआधी मी कडी तारेनं बांधली आणि फळ्यावर दोन नियम लिहिले. जे सापडेल ते मोठ्यानं सांगायचं. प्रत्येकानं एकदा तरी बोललंच पाहिजे. ही टोळी सहा मिनिटं राखून जिंकली. तिसऱ्या टोळीला नियम तेच होते, तरी ती हरली. दोघा हुशार मुलांमध्ये गुणाकार कुणी करायचा यावर भांडण झालं आणि मराठीचं पाकीट एकाच्या मांडीखाली राहिलं.

ते भांडण पाहताना मला आमच्या कितीतरी बैठका आठवल्या. शाळेची बैठक, मोहल्ल्याची बैठक, लग्नघरातली खलबतं. चार शिकलेले लोक समोर बसतात आणि आकड्यांवर भांडतात. ज्याला शिलाई चुकलेली दिसते तो मागं, चुलीजवळ किंवा दाराशी उभा असतो. त्यानं किंवा तिनं दोनदा सांगून पाहिलेलं असतं. तिसऱ्यांदा कुणी सांगत नाही. आपल्या समाजात शिक्षण कमी आहे, ही तक्रार मीही करतो आणि ती खरीही आहे. पण शिकलेल्या माणसांनी न शिकलेल्यांचं ऐकणं सोडलं, त्याचा हिशेब कोण मांडतो? मी मास्तर आहे. बोलण्याचे पैसे घेतो. ऐकण्याचं प्रशिक्षण बीएडच्या कोणत्याही पेपरात मला मिळालं नाही.

परवा मुलीचा दहावीचा निकाल लागला. चांगले गुण आहेत. आता अकरावीला बुलडाण्याला ठेवायचं, मलकापूरला जाऊन-येऊन करायचं की दुसरं काही, यावर घरात चर्चा सुरू आहे. मी, माझे दोन चुलतभाऊ आणि मुलीचे मामू असे चौघं अंगणात बसून बोललो. बसचे पास, हॉस्टेलचा खर्च, लोक काय म्हणतील, सगळं मांडून झालं. आपा आत मशीनवर होती. या वेळी मी उठलो, आत गेलो आणि तिला विचारलं, "आपा, तुमको क्या लगता है?"

तिनं पायाखालचं पायडल थांबवलं. म्हणाली, "उसको पूछा क्या?"

पोरगी तिथंच तिच्या शेजारी बसून काज करत होती. तिला कुणीच विचारलं नव्हतं.